छत्तिसावा वादक

आमच्या लॅबमध्ये दात तयार होतात. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढते, आणि पुढचं सगळं ताई करतात. मेणात दात बसवणं, ओतकाम, घासणं, चकाकी. खाली वह्या-पेनांचं दुकान आहे, वर दुसऱ्या मजल्यावर आमची लांबट खोली. खिडकीजवळचं टेबल ताईंचं, कारण रंग जुळवायला दिवसाचा उजेड लागतो. नळाजवळचं माझं, कारण माझं काम म्हणजे सगळा चिखल.

ताईंना या कामात सत्तावीस वर्षं झाली आहेत. रस्त्यात कुणी हसलं की त्या माझ्या दंडाला हळूच कोपर लावतात आणि म्हणतात, "वरची कवळी आहे. आपली नव्हे." त्यांना माणसांची नावं राहत नाहीत, दात राहतात.

त्यांचा बँडमधले धातूचे वादक जमवण्याचा नाद लॅबमध्येच सुरू झाला. खिडकीजवळच्या टेबलावर आधी एक वयस्क गृहस्थ बसत. ते निवृत्त झाले तेव्हा टेबल ताईंना मिळालं, आणि ड्रॉवर साफ करताना तळाशी एक धातूचा बासरीवाला सापडला. जेमतेम दोन बोटं उंच. निळा गणवेश, पांढरे मोजे, गाल किंचित फुगवलेले. ताईंनी त्या गृहस्थांना फोन केला तर ते म्हणाले, "राहू दे तुलाच. कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता."

दुसऱ्या कुणी तो खरंच कागदांवर ठेवला असता. ताईंनी भिंग लावलं आणि पाच मिनिटं तो उलटसुलट फिरवून बघितला. मग मला हाक मारली.

"यात सांधा शोधून दाखव."

ओतकाम करणाऱ्याला हे लगेच कळतं. साचा दोन भागांचा असतो, आणि ते भाग जिथे मिळतात तिथे ओतलेल्या वस्तूवर केसाएवढी रेघ राहते. ती घासून काढता येते, पण घासली की तिथली नक्षीही जाते. या बासरीवाल्याच्या अंगावर रेघ नव्हती आणि गणवेशाची बटणं मात्र एकूण एक शाबूत होती.

"ज्यानं हे केलं ना," ताई म्हणाल्या, "त्याच्या हाताखाली मी बिनपगारी राबले असते."

पायाखाली बारीक आकडे होते, छत्तीसपैकी सात. ताईंची मुलगी विम्याच्या कचेरीत काम करते आणि कॉम्प्युटरवर काहीही शोधून काढते. तिनं शोधून काढलं की सीमेपलीकडच्या एका कारखान्यात पूर्वी असा छत्तीस वादकांचा बँड बनत असे. कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली होती. त्यातले सुटे वादक आता तिकडचे लोक वेबसाइटवर विकायला काढतात.

"म्हणजे अजून पस्तीस आहेत," ताई म्हणाल्या. घरात त्या दिवसापासून कुणाला स्वस्थता मिळाली नाही, असं त्यांचे मिस्टर सांगतात. मिस्टर शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. शांत माणूस. बायकोनं साडीऐवजी झांजवाला मागितला तरी त्यांनी भुवई उंचावली नाही.

आता सीमेपलीकडून दोन बोटांची वस्तू आणणं म्हणजे काय, ते मी तेरा वर्षं शेजारच्या टेबलावरून बघितलं आहे. एकतर दहातले नऊ विक्रेते खाली लिहूनच टाकतात की परदेशी पाठवणार नाही. ताईंची मुलगी वैतागून म्हणायची, "आई, यांचं आपल्याशी काय वैर आहे? बसनं गेलं तर नऊ तासांवर आहेत हे लोक." दहावा विक्रेता पाठवायला तयार होई, पण मग पार्सल कुठे आहे ते कळत नसे. एक तुतारीवाला तिसऱ्याच देशात जाऊन आला, आणि त्या देशाचा शिक्का खोक्यावर घेऊन आला. एकदा पार्सल इकडे कस्टममध्ये उघडलं गेलं आणि परत बांधताना आतला कापूस कुणीतरी बाहेरच ठेवला. क्लॅरिनेटवाला आला तो क्लॅरिनेट वेगळी, हात वेगळा, असा. ताईंनी तो लॅबमध्ये जोडला. जोड मलाही दाखवता येणार नाही. एका खोक्यातून तर चमचा निघाला. विक्रेत्यानं माफी मागितली, त्याच्याकडून दोन खोक्यांची अदलाबदल झाली होती, आणि चमच्याचं गिऱ्हाईकही त्याच्या नावानं ओरडत होतं. कर आणि हाताळणी धरून एखादा वादक इतका महाग पडे की मिस्टर म्हणत, "एवढ्यात खरा माणूस येऊन वाजवून गेला असता."

या सगळ्यावर तोडगा निघाला तो भाचीच्या लग्नामुळे. ताईंच्या नणंदेची मुलगी लग्न होऊन पलीकडे गेली. वस्तू तिच्या पत्त्यावर मागवायची आणि वर्षातून एकदा ती माहेरी येताना बॅगेत घालून आणायची. पहिल्या वर्षी तिनं पायमोज्यांतून पाच वादक आणले. ताईंना ही भाची मुळातच आवडायची, आता तर तिच्याबद्दल बोलताना आवाजच बदलायचा. असं करत करत गेल्या वर्षापर्यंत पस्तीस झाले. राहिला फक्त मोठा ढोलवाला.

तो मिळत नाही यालाही कारण आहे. बाकीच्यांची वाद्यं अंगाबरोबरच ओतलेली आहेत. या एकाचाच ढोल वेगळा ओतून बारीक खिळीनं पोटावर बसवलेला असे. पोरं खेळत, खिळी निसटे, ढोल कुठेतरी घरंगळून जाई. त्यामुळे बिनढोलाचे ढोलवाले पुष्कळ, ढोलासकट मिळणं कठीण.

गेल्या वर्षी एका मंगळवारी डबा खाताना मुलीचा फोन आला. ताईंनी ऐकलं, डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "आलाय. ढोलासकट."

विक्रेता परदेशी पाठवत नव्हता, पण भाचीच्या पत्त्यावर पाठवायला तयार झाला. नेमका त्याच सुमारास भाचीचा घर बदलण्याचा घाट होता. सामान बांधलेलं, नवऱ्याला सुट्टी नाही, माहेरी येणं त्या वर्षी जमणार नव्हतं. ढोलवाला तिच्या हातात पडला तो घर सोडायच्या आदल्या दिवशी. तिनं खोकं तसंच घेतलं, पोस्टात गेली, आणि आत काय आहे या रकान्यात घाईघाईत लिहिलं, सैनिक, धातूचा, एक नग. गणवेश होता ना अंगावर.

महिनाभर काही कळलं नाही. मग ताईंना कस्टमची नोटीस आली. आपल्या नावे आलेला माल लष्करी साहित्य या सदरात मोडतो, तरी नोटिशीच्या तारखेपासून एकवीस दिवसांत परवाना सादर करावा. नोटीस हातात पडली तो एकोणिसावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी ताई अर्धी रजा टाकून गेल्या. परतल्या त्या ओठ आवळून.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, परवाना आणा, नाहीतर वस्तू लष्करी नाही याचा पुरावा आणा. मी विचारलं, कसला पुरावा? तर म्हणाले, ते तुम्ही बघा."

"मग?"

"मग उद्या तू चल माझ्याबरोबर. एकटीला सगळे उचलता येणार नाहीत."

कवळ्या पाठवायला आमच्याकडे झाकणाच्या छोट्या डब्या असतात. ताईंनी घरून पस्तीस वादक पस्तीस डब्यांत घालून आणले होते, प्रत्येकाला कापसाची गादी. दोन पिशव्या त्यांच्या हातात, एक माझ्या. कस्टमचं पार्सल ऑफिस म्हणजे एक उंच छताचा हॉल, तीन खिडक्या, त्यांतली एकच उघडी. आमच्या पुढे सात-आठ माणसं होती. नंबर आला तशी ताईंनी खिडकीसमोरच्या लाकडी फळीवर डब्या उघडायला सुरुवात केली. पुढे बासऱ्या, मग क्लॅरिनेट, मग तुताऱ्या, मागे झांजा आणि छोटे ढोल. मी डब्या देत होते, त्या मांडत होत्या. मागच्या रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. एक म्हातारेसे गृहस्थ तर चष्मा पुसून पुढे सरकले.

खिडकीतले साहेब पन्नाशीचे असतील. त्यांनी सगळं मांडून होईपर्यंत वाट बघितली.

"हे काय?"

"हा बँड आहे," ताई म्हणाल्या. "एकाच्याही हातात बंदूक नाही, तुम्ही बघून घ्या. तुमच्याकडे अडकलाय तो यांचा ढोलवाला. इथे, या कोपऱ्यात त्याची जागा आहे."

साहेबांनी एकेकाकडे बघितलं. एक उचलून उलटा केला, पायाखालचा आकडा वाचला, जिथून उचलला तिथेच ठेवला. मग म्हणाले, "कागदावर सैनिक लिहिलंय."

"लिहिणारीची चूक झाली."

"ते दिसतंय," साहेब म्हणाले. बोलताना त्यांच्या तोंडातून टक्, टक् असा बारीक आवाज येत होता. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, म्हणजे त्यांना तो ऐकू आला होता.

साहेब उठून आत गेले. वीस मिनिटांनी आले ते हातात फक्त एक कागद घेऊन.

"तुमचं पार्सल सकाळच्या गाडीनं परत गेलं."

"आज एकविसावा दिवस आहे," ताई म्हणाल्या.

"नोटीस छापली तो दिवस पहिला धरतात. आज बाविसावा." साहेबांचा चेहरा पडला होता. "मी सकाळी बघितलं असतं तर थांबवलं असतं. पण यादी आपोआप निघते."

ताईंनी डब्या पुढे ओढल्या. एकेक वादक उचलून डबीत ठेवायला लागल्या. मांडायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट आवरायला लागला. शेवटची डबी बंद झाल्यावर त्या खिडकीकडे वळल्या.

"साहेब, आता माझं तुमच्याकडे काही काम उरलेलं नाही, म्हणून सांगते. तुमची खालची कवळी डावीकडे उचलली जाते. हिरडीला लागत असेल. जेवताना काढून ठेवता ना?"

साहेबांनी नकळत तोंडावर हात नेला. "तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येतं. आतून थोडं घासायला लागेल. ज्यांनी केली त्यांच्याकडेच न्या, पाच मिनिटांचं काम आहे. नाहीच जमलं तर आमची लॅब वह्यांच्या दुकानावर आहे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, हे आधी सांगितलं असतं तर?"

"तर तो सौदा झाला असता," त्या म्हणाल्या आणि पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या.

साहेब पंधरा दिवसांनी खरंच आले. ताईंनी कवळी घासली, चावून बघायला लावलं, परत घासली. नेहमीचा दर घेतला, पावती दिली. जाताना साहेब दारात थांबले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी कागदावर लिहायचं, शोभेची वस्तू, वादक, एक नग. बाकी एक शब्द लिहायचा नाही."

पण पुढची वेळ यायला ढोलवाला तर सापडायला हवा होता. पार्सल परत गेलं ते भाचीच्या जुन्या पत्त्यावर. कॉम्प्युटरवर दिसत होतं, पोचते केले. कुणाला, ते दिसत नव्हतं. भाचीनं जुन्या घरातल्या नव्या भाडेकरूंना फोन केला, त्यांना काही माहीत नव्हतं. नवं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, नोकरी, मुलीची शाळा. ती म्हणे, जाते, बघते. एक महिना गेला, दोन गेले.

इथे ताईंचं चुकलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, म्हणून लिहिते. एका रविवारी फोनवर त्यांचा तोल गेला. "एक शब्द नीट लिहिता आला नाही तुला," असं त्या म्हणाल्या. आणि वर आणखी, "आता एकदा जाऊन विचारायलाही पाय उचलत नाहीत." भाचीनं ऐकून घेतलं. बरं म्हणाली, फोन ठेवला, आणि त्यानंतर तिचा फोन यायचा बंद झाला. नणंद तुटक बोलायला लागली. मिस्टर, जे कधी काही बोलत नाहीत, ते जेवताना म्हणाले, "पायमोज्यांतून आणायची ती. तिला कधी कुणी सांगितलं होतं का आण म्हणून?" ताईंनी ताट बाजूला सरकवलं.

पुढचे चार महिने ताईंनी ढोलवाल्याचं नाव काढलं नाही. काम मात्र असं करत होत्या की मला भीती वाटायची. एका दिवशी तीन जबडे, डबाही न उघडता. मग एका सोमवारी त्यांनी मालकांकडे चार दिवसांची रजा मागितली. सत्तावीस वर्षांत सलग चार दिवस त्यांनी फक्त बाळंतपणाला आणि सासऱ्यांच्या आजारपणात घेतले होते. मालकांनी कारण विचारलं नाही.

सकाळच्या बसनं त्या निघाल्या. सीमेवर सगळ्यांना उतरवून एका काचेसमोर उभं केलं. काचेमागच्या बाईंनी विचारलं, कशासाठी जाताय? ताई मला म्हणाल्या, "अगं, घरून निघताना डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. ढोल, ढोल आणि ढोल. आणि तिनं विचारलं तर तोंडातून निघालं, भाचीला भेटायला."

भाचीला त्यांनी कळवलं नव्हतं. दार तिनंच उघडलं. हातात भिजलेलं फडकं, मागे अजून न उघडलेली खोकी.

"मामी," ती म्हणाली, आणि वाटेतून बाजूला झाली नाही. "ढोलवाल्यासाठी आलीस की माझ्यासाठी?"

"निघाले ढोलवाल्यासाठी," ताई म्हणाल्या. "सीमेवर विचारलं तेव्हा तुझं नाव सांगितलं. मी फार बोलले गं त्या दिवशी. बोलायला नको होतं."

भाची बाजूला सरकली. मग म्हणाली, "बूट काढू नकोस, लादी ओली आहे," आणि ताईंच्या हातातली पिशवी घेतली. त्या संध्याकाळी दोघींनी मिळून सहा खोकी उघडली. ढोलवाल्याचा विषय कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीनंच सुट्टी टाकली आणि मामीला घेऊन जुन्या इमारतीत गेली. तळमजल्यावर रखवालदाराची खोली होती. रखवालदार जाडजूड, व्यवस्थित माणूस. कपाटातून त्यानं एक वही काढली, पान उलटलं, बोट ठेवलं. पार्सल आलं होतं. पण त्यावरचं नाव भाचीचं नव्हतं. परतीचा कागद कुठल्यातरी यंत्रानं छापताना दोन अक्षरं बदलली होती, आणि त्या नावाची बाई या इमारतीत कधीच राहिली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते अगदी खरंही होतं.

"मग भाडेकरूंना का नाही सांगितलं?" भाचीनं विचारलं.

"त्यांनी तुमच्या नावाचं विचारलं. या नावाचं कुणी विचारलं नाही."

ताईंना तिकडची भाषा येत नाही, पण हा सूर त्यांना ओळखीचा होता. त्या भाचीला म्हणाल्या, "त्याला सांग, आत काय आहे ते मी न बघता सांगते. जुळलं तर आमचं."

रखवालदाराला हे पटलं. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं, वर हात ठेवला आणि ऐकायला बसला. ताई विक्रेत्याच्या फोटोत पाहिलेलं एकेक सांगायला लागल्या आणि भाची तिकडच्या भाषेत सांगत गेली. उंची दोन बोटं. डावा पाय पुढे. गणवेशाला चार बटणं, चौथं पट्ट्याखाली अर्धं झाकलेलं. डाव्या बुटाची नाडी सुटलेली दाखवली आहे. टोपीचा पट्टा हनुवटीखाली नाही, खालच्या ओठाखाली आहे. पोटावर ढोल, ढोलाला सहा दोऱ्या. उजव्या हातातली काठी वर उचललेली, डाव्या हातातली ढोलाला टेकलेली.

रखवालदारानं चिकटपट्टी कापली, कापूस बाजूला केला, आणि चष्मा लावून एकेक गोष्ट तपासली. बुटाची नाडी बघितल्यावर तो काहीतरी पुटपुटला. भाची हसायला लागली.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मला माझ्या बायकोचं एवढं वर्णन करता येणार नाही."

त्यानं सही घेतली आणि ढोलवाला ताईंच्या तळहातावर ठेवला.

इमारतीबाहेर एक बाक होता. ताई तिथे बसल्या, पर्समधून भिंग काढलं. भाची शेजारी उभी. आधी चेहरा, मग बटणं, मग काठ्या. मग ढोल. ढोलापाशी भिंग थांबलं. ताईंनी बाहुला उजेडाकडे वळवला, परत आणला, अंगठ्याचं नख ढोलाच्या कडेवरून फिरवलं.

"काय झालं?"

"ढोल त्याचा नाही."

"म्हणजे?"

"माणूस खरा आहे. ढोल कुणीतरी नंतर ओतून बसवलाय. ही बघ रेघ, गोल फिरलीय सगळीकडून. आणि सहा दोऱ्यांतल्या दोन रंगानं काढल्यात, ओतलेल्या नाहीत. फोटो समोरून होता, त्यात कसं दिसणार."

भाची बाकावर बसली. "मामी, एवढं सगळं झालं," ती म्हणाली, "वर्ष गेलं, आपण बोलायच्या बंद झालो, आणि हा नकली?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आता मामी काय करेल कोण जाणे.

ताईंनी ढोलवाला तळहातावर उभा केला. राग आला होता का, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, आला होता ना, कानशिलं तापली होती. पण तळहातावर तो डावा पाय पुढे टाकून उभा होता आणि त्यांना वाटलं, याचा काय दोष? मग त्या भाचीला म्हणाल्या, "खोट्या दातांवर माझं घर चाललंय गं सत्तावीस वर्षं. आता खोट्या ढोलाला नावं ठेवू? माणसाचा ढोल गेला, कुणीतरी बसवून दिला. काम कच्चं आहे, एवढंच." आणि रुमालात गुंडाळून त्यांनी ढोलवाला पर्समध्ये ठेवला.

तिथे त्या आणखी दोन दिवस राहिल्या. भाचीच्या मुलीचा एक दात हलत होता, तो त्यांनी बोलता बोलता काढून दिला. परतताना सीमेवर इकडच्या बाजूला पर्स उघडायला लावली. रुमाल सोडून शिपायानं विचारलं, हे काय? ताईंनी सांगितलं, "शोभेची वस्तू, वादक, एक नग." त्यानं कागदावर तेवढंच लिहिलं आणि पर्स पुढे सरकवली. अर्धा मिनिटही लागलं नाही.

ढोलवाल्याला जागेवर ठेवल्यावर मिस्टरांनी सगळा बँड बघितला आणि विचारलं, "तू नवा ढोल करून बसवशील? तुझ्या हातचा बेमालूम होईल." हे मीही विचारलं होतं. खरं म्हणजे ताईंना सगळे पस्तीस घरीच ओतता आले असते, पहिल्या वर्षीच. पण त्यांना स्वतःचं काम बघायचं नव्हतं, ते त्या रोज बघतात. "नको," त्या म्हणाल्या, "त्याचा आहे तो राहू दे."

विक्रेत्याला मात्र त्यांनी मुलीकडून पत्र लिहून घेतलं. पैसे परत मागितले नाहीत. फक्त लिहिलं की ढोल तुम्ही बसवलात हे विकताना सांगायला हवं होतं. त्याचं उत्तर आठ दिवसांनी आलं. लाजलेलं होतं. त्याला ढोलवाला बिनढोलाचा मिळाला होता, त्यानं स्वयंपाकघरात डबीच्या झाकणाचा साचा करून ढोल ओतला, आणि इतका बरा वाटला की लिहायचं राहून गेलं. राहून गेलं हे काही पूर्ण खरं नाही, असंही त्यानं पुढच्या ओळीत लिहिलं होतं. अर्धे पैसे परत करायला तो तयार होता. ताईंनी पैसे नाकारले आणि त्याऐवजी त्याला पाऊण पान सूचना पाठवल्या. साच्याचे भाग नीट आवळले नव्हते, धातू थोडा निवल्यावर ओतला, आत पावडर मारायला हवी होती, दोऱ्या मेणात आधी उठवायच्या. त्यानं आभार मानले आणि दोन शंका विचारल्या. मग आणखी दोन. आता महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा काहीतरी फोटो येतो आणि डबा खाताना आम्ही दोघी तो फोनवर मोठा करून बघतो. ताई त्याला सोडत नाहीत, पण मागच्या महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी नुसतं बरं आहे असं लिहायला सांगितलं.

भाची उन्हाळ्यात नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आली, आठ दिवस राहिली. नणंद पूर्वीसारखी बोलते.

बँड ताईंच्या घरी काचेच्या कपाटात आहे, चार रांगा, रविवारी धूळ पुसतात. मी विचारलं, आता पुढे काय जमवणार? त्या म्हणाल्या, काही नाही, झालं. मग संध्याकाळी काय करता, मी विचारलं.

"मिस्टरांबरोबर पत्ते खेळते," ताई म्हणाल्या. "रोज हरते. फार वाईट आहे माझा हात पत्त्यांत."

आणि समोरचा वरचा जबडा उचलून त्यांनी उजेडाकडे धरला.